रागनाचा न मावळणारा दिवा

या गोष्टीत शेवटी सगळं ठीक होतं, हे आधीच सांगितलेलं बरं. आमच्याकडे ट्रॉम्सोला नोव्हेंबरच्या अखेरीस सूर्य जातो तो एकवीस जानेवारीलाच परत तोंड दाखवतो, आणि मधल्या दोन महिन्यांत कुणी कुणाच्या जिवाला उगाच घोर लावू नये असा आमचा साधा शिरस्ता आहे. तेव्हा निवडुंग जगलं, बहिणी बोलल्या, आणि रागना हेगेलुंडच्या छातीवरचा धोंडा उतरला. आता तो धोंडा तिथं बसला कसा, ते सांगायचं आहे.

रागना अडुसष्ट वर्षांची. सत्तावीस वर्षं तिने नगरपालिकेची बर्फ काढायची गाडी चालवली. डेपोत पहिल्या दिवशी एका गड्याने तिला सांगितलं, "कॉफीचं यंत्र त्या कोपऱ्यात आहे." ती म्हणाली, "मग उठ आणि ओत. मला दूध नको." त्यानंतर डेपोत तिला कुणी काही शिकवायला गेलं नाही.

काम हातात घेतलं की ते खरवडून काढायचं, हा तिचा स्वभाव. पाहुण्याचा कप अर्धा झाला की ती भरणार. शेजारी कुणी दोनदा शिंकलं की ही औषधाची बाटली घेऊन दारात उभी. बारा वर्षं तिच्यासोबत राहिलेला एइनार पंधरा दिवस ऊन खायला स्पेनला गेला आणि तिथंच राहिला. जाताना दारात बूट घालता घालता तो म्हणाला होता, "रागना, माणसाला कधीतरी नुसतं बसू द्यावं गं." रागनाने तोवर त्याच्या डब्यात सहावं सँडविच भरलं होतं.

झाडांच्या बाबतीतही हेच. तिच्या घरात आलेलं एकही झाड उपाशी मेलं नाही. सगळी लाडाने मेली. पाणी, मग आणखी पाणी, मग खत, मग मोठी कुंडी, मग नव्या कुंडीत आल्याबद्दल पुन्हा पाणी. एक ऑर्किड, दोन फर्न आणि न मरणारं म्हणून दुकानदाराने छातीठोकपणे दिलेलं एक झाड, असे चार जीव तिच्या हातून गेले होते, आणि ही गोष्ट तिच्या थोरल्या बहिणीला, ओडनीला, पक्की ठाऊक होती.

ओडनी शाळेत शिक्षिका होती. चौऱ्याहत्तर वर्षांची, ताठ, कमी बोलणारी. नापसंती असो, आश्चर्य असो की प्रेम असो, तिच्या तोंडून "हं" एवढंच निघायचं आणि बाकीचं समोरच्याने समजून घ्यायचं. समोरच्या क्वालोया बेटावर आईचं घर होतं, त्यात ती राहायची. आणि त्या घरात आईचं निवडुंग होतं.

हे नाताळातलं निवडुंग. काटे नाहीत, चपटी पानं एकाला एक जोडलेली, कुंडीबाहेर झुकलेली, आणि दर डिसेंबरात पानांच्या टोकांना लालगुलाबी फुलं. हल्ली दुकानात मिळतात त्यांची पानं दातेरी असतात. हे जुन्या वाणाचं, याच्या पानांच्या कडा गोल. आई कोळंबीच्या कारखान्यातून थकून आली की कोट काढायच्याही आधी त्याच्यापाशी जाऊन उभी राहायची. निळ्या काठाच्या पांढऱ्या कुंडीत ते पन्नास वर्षं होतं.

आई गेली तेव्हा नावेची खोपी विकली, भिंतीवरचं घड्याळ मामेभावाने नेलं, त्यावर कुणी हूं की चूं केलं नाही. निवडुंगापाशी मात्र दोघी अडल्या. दफनानंतरची कॉफी चालली होती, खोली माणसांनी भरलेली होती. रागना कुंडीला हात लावायला गेली आणि ओडनी सगळ्यांदेखत म्हणाली, "राहू दे. तुझ्या घरात प्लास्टिकचं फूलसुद्धा आठवड्यात कोमेजेल."

कुणीतरी हसलं. रागनाने कोट चढवला आणि निघाली. त्यानंतर दोघी सहा वर्षं बोलल्या नाहीत.

या सहा वर्षांतली एक गोष्ट सांगायलाच हवी. क्वालोयाचा तो रस्ता रागनाच्याच फेरीत होता. बर्फाची गाडी रस्ता साफ करत जाते तेव्हा कडेला, लोकांच्या फाटकापुढे, बर्फाचा बांध टाकून जाते. त्या बांधावरून आमच्याकडे जितकी भांडणं होतात तितकी राजकारणावरून होत नाहीत. ओडनीच्या फाटकापुढे सहा हिवाळ्यांत एकदाही बांध पडला नाही. रागना तिथं गाडीपुढचं पातं उचलायची, वळवायची, मागे यायची, जागा लख्ख करून पुढे जायची. खिडकीकडे मात्र ढुंकून बघायची नाही. ओडनीही पडदा हलवायची नाही. पण गाडीच्या वेळेला पायरीवरचा दिवा लावून ठेवायची.

रागना निवृत्त झाली त्याच्या पुढच्याच सोमवारी तिचा फोन वाजला.

"तुमच्या माणसाने मला घरात कोंडलंय," ओडनी म्हणाली. सहा वर्षांनंतरचं पहिलं वाक्य.

"आता तो माझा माणूस नाही. मी शुक्रवारी निवृत्त झाले."

"हं. मग मी काय करू?"

"फावडं आहे का घरात?"

"तुझ्याकडे असेल ना."

रागना फावडं घेऊन गेली. बांध फोडला, कॉफी झाली, तपकिरी चीज घातलेले पाव झाले. खिडकीत निवडुंग होतं. त्याचा विषय दोघींपैकी एकीनेही काढला नाही, आणि पुढची दोन वर्षंही काढला नाही.

मग या ऑगस्टमध्ये ओडनीच्या खुब्याने दगा दिला. शस्त्रक्रिया ठरली. नंतर काही आठवडे व्यायामाच्या केंद्रात, आणि त्यानंतर जिने नसलेल्या घरात, म्हणजे मुलीकडे, सिग्रूनकडे, ट्रॉनहाइमला. जानेवारीपर्यंत घर बंद. रागना तिला रुग्णालयात सोडायला गाडी घेऊन गेली तर ओडनी पुढच्या सीटवर येऊन बसली, मांडीवर निळ्या काठाची कुंडी, आणि सीटचा पट्टा कुंडीवरून लावलेला.

"हे तुझ्याकडे राहील," ती समोर बघत म्हणाली.

रागनाने आरसा नीट केला. तिने गाडी सुरू केली.

"पाणी थोडं द्यायचं. जागेवरून फिरवायचं नाही. आणि त्याच्यामागे लागू नकोस."

"मागे लागू नकोस म्हणजे?"

"तुला माहितीय."

रागनाला माहीत होतं, पण पटलं नव्हतं. इतकी मोलाची गोष्ट हातात दिल्यावर तिच्यामागे लागायचं नाही तर काय करायचं? त्या दिवशी कुंडी आपल्या बैठकीच्या खोलीत ठेवताना तिने मनाशी पक्कं केलं की हे निवडुंग या घरात फुलणार, आईच्या घरात कधी फुललं नसेल असं फुलणार, आणि ते प्लास्टिकच्या फुलाचं वाक्य ओडनीला गिळावं लागणार. तिला दुसरं काही नको होतं.

सप्टेंबरात दिवस भराभर आखडायला लागले. रागनाने चौकशी केली, वाचलं, आणि झाडांसाठीचा एलईडी दिवा आणला. चार वाकणाऱ्या माना, प्रत्येकीवर लाल आणि निळे ठिपके, सगळे मिळून जांभळट गुलाबी उजेड. दिव्याच्या वायरीवर तासांचं बटण होतं, आठ, बारा, सोळा. रागनाला ते बटण बघून हसू आलं. दक्षिणेकडच्या माणसांनी बनवलेला दिवा, त्यांना काय कळणार. आमच्याकडे मेच्या मध्यापासून जुलै संपत येईपर्यंत सूर्य मावळतच नाही, आणि त्या दिवसांत गवत डोळ्यांदेखत वाढतं, कोबीचे गड्डे मुलांना उचलत नाहीत. उजेड जितका जास्त तितकं झाड खूश, हे इथल्या शेंबड्या पोरालाही कळतं. रागनाने दिवा लावला आणि कुणाचा चुकून हात लागून तो विझू नये म्हणून बटणावर चिकटपट्टी लावून टाकली.

ऑक्टोबरमध्ये निवडुंगाने तिला खूश करून टाकलं. टोकाटोकाला नवी पानं, पोपटी, रसरशीत. तिने मोजली आणि फोन लावला.

"सोळा नवी पानं आलीत."

"हं," ओडनी म्हणाली. "कळ्या?"

"अजून वेळ आहे."

"हं."

इमारतीत तिचा दिवा एव्हाना प्रसिद्ध झाला होता. ऑक्टोबरच्या सामुदायिक सफाईला सगळे झाडू आणि पंजे घेऊन अंगणात उतरले, पाचोळा गोळा झाला, वॅफल्स आणि कॉफी आली, आणि समोरच्या बाजूच्या विग्गोने विषय काढला. विग्गो निवृत्त माणूस, पडक्या आवाजाचा, आयुष्यभर दक्षिणेकडच्या खोऱ्यात एका काचघरात काकड्या पिकवलेला.

"रागना, बंदरातली जहाजं तुझी खिडकी बघून आत यायला लागलीत म्हणे."

"येऊ देत. कॉफी पाजीन."

"पोलीस येतील त्यांनाही पाज. कसलं पीक आहे ते तरी सांग, गांजा नाही ना?"

"आईचं निवडुंग आहे," रागना म्हणाली, आणि तिच्या आवाजावरून विग्गोने चेष्टा तिथंच थांबवली. बिचाऱ्याने निवडुंग कोणतं, हे तेव्हाच विचारलं असतं तर पुढचे सहा आठवडे वाचले असते.

नोव्हेंबर लागला. फुलांच्या दुकानांत नाताळाचे लाल कागद आले, आणि निवडुंगाला कळी म्हणून नव्हती. पानं मात्र येतच होती. रागनाच्या तोंडचं पाणी पळालं. तिने तोडगा काढला तो तिच्या स्वभावाला शोभेल असाच. दुसरा दिवा आणला. कुंडी भिंतीवरच्या हीटरजवळ सरकवली. आता बैठकीची खोली चोवीस तास जांभळी आणि उबदार. झोपायच्या खोलीच्या दारातून उजेड आत यायचा, तिला झोप लागायची नाही, आणि जाग आली की ती उठून निवडुंगाची टोकं चाचपून यायची.

"कळ्या?" ओडनीने फोनवर विचारलं.

"आल्या," रागनाच्या तोंडून निघून गेलं.

"किती?"

"चाळीसेक."

मग ओडनी म्हणाली, "बरं."

रागनाने फोन ठेवला. सत्तावीस वर्षांच्या नोकरीत तिने कधी खोटी फेरी लिहिली नव्हती. दुसऱ्या दिवशी ती फुलांच्या दुकानात जाऊन फुललेल्या निवडुंगांपुढे उभी राहिली. एक घ्यावं, फोटो काढून पाठवावा. पण सगळी दातेरी पानांची. ओडनी चष्म्याशिवाय ओळखेल. रागना हात हलवत परत आली.

त्या दिवसापासून तिने ओडनीला रोज फोन करायला सुरुवात केली. कारण सरळ होतं. आपण फोन केला की विषय आपल्या हातात राहतो. खुबा कसा आहे, सिग्रूनच्या मुलीला नवा दात आला का, तिकडे बर्फ किती, तिच्या शाळेतल्या जुन्या मुख्याध्यापकाचं काय झालं, असं एकामागून एक काढत जायचं आणि निवडुंग यायच्या आत फोन ठेवायचा. ओडनी आधी "हं" म्हणायची. मग हळूहळू बोलायला लागली. एकदा तर तिने व्यायाम शिकवणाऱ्या पोराची नक्कल केली आणि रागना पोट धरून हसली. फोन ठेवल्यावर तिला आणखीच अपराधी वाटलं.

सूर्य जायच्या आठवड्यात, सकाळी दहाला, दारावरची घंटा वाजली. विग्गो.

"तक्रार आहे," तो बूट काढत म्हणाला. "तुझ्यामुळे माझी झोपायची खोली गुलाबी झालीय. या वयात मला हे शोभत नाही."

"जाड पडदा लाव."

"लावलाय. रागना, तो दिवा तू बंद कधी करतेस?"

"बंद कशाला करू?"

विग्गो बैठकीच्या खोलीत आला, दोन दिव्यांखालच्या कुंडीपुढे उभा राहिला, खिशातून चष्मा काढून त्याने एक पान हातात घेतलं.

"नाताळचं निवडुंग," तो म्हणाला.

"कळ्या येत नाहीत," रागना म्हणाली. एवढं बोलल्यावर तिला राहवेना. सगळं बाहेर आलं. ओडनी, प्लास्टिकचं फूल, चाळीस कळ्या. "सगळं केलं रे मी. खत दिलं, ऊब दिली. तीन महिने एक क्षण अंधार पडू दिला नाही मी त्याला."

"एक क्षण नाही?"

"उन्हाळ्यात सूर्य बंद करतोस का तू?"

"बरं," विग्गो म्हणाला आणि पान सोडलं. "आता मला सांग, हे फुलतं कधी? उन्हाळ्यात?"

"नाताळात."

"का नाताळात?"

रागनाने भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघितलं.

"त्याच्याकडे कॅलेंडर नाही," विग्गो म्हणाला. "रात्री लांब झाल्या, थंडी पडली, की त्याला कळतं आता कळ्या धरायच्या. आणि तू त्याच्या डोक्यावर तीन महिने जून धरून ठेवलायस. त्याला वाटतंय अजून उन्हाळाच चालू आहे, वाढून घ्यावं. बघ ना कसं माजलंय."

रागना खुर्चीत बसली. इतके दिवस तिला वाटत होतं की तिच्या हातालाच काही दोष आहे, तिने हात लावला की जिवंत गोष्ट मरते. आणि इथं कुणी मरत नव्हतं. निवडुंग धडधाकट होतं, फक्त त्याला नोव्हेंबर मिळाला नव्हता. तिला एकदम रडू आलं, आणि ते दुःखाचं नव्हतं.

"उशीर झाला का?" तिने विचारलं.

"नाताळासाठी झाला. फुलण्यासाठी नाही. दिवसाला आठ तास उजेड दे, इथं आता सूर्य नाही तेव्हा तुझा दिवा लागेलच. बाकीचे सोळा तास काळोख, अगदी मिट्ट. आणि गार जागा."

रागना तडक उठली. तिने चिकटपट्टी ओढून काढली, पण त्या स्वस्तातल्या बटणावर तिचा विश्वास बसेना. तिने कपाटातून आपलं वीज चालू-बंद करणारं जुनं घड्याळ काढलं, थंडीत सकाळी निघायच्या आधी मोटारीचं इंजिन गरम करायला लावतात ते, गोल तबकडीचं. सत्तावीस हिवाळे त्याने तिला कधी दगा दिला नव्हता. निवडुंग आणि एक दिवा तळघरातल्या तिच्या सामानाच्या खोलीत गेला, बटाटे आणि स्कीच्या शेजारी, जिथं पारा बारा अंशांवर कधी जात नाही. नऊला दिवा लागेल, पाचला विझेल.

"झालं," विग्गो म्हणाला. "आता किल्ली माझ्याकडे दे."

"का?"

"कारण तू अंधारात बॅटरी घेऊन त्याला बघायला जाशील."

रागनाने बॅटरी खिशातून काढून टेबलावर ठेवली आणि मग किल्लीही दिली. ठरलं असं की रविवारी दुपारी विग्गो दार उघडणार, दोघांनी मिळून बघायचं, कोमटसं थोडं पाणी घालायचं आणि निघायचं.

त्या दिवशी बैठकीची खोली पहिल्यांदा अंधारली. रागनाने खिडकीत नाताळाआधीच्या आगमनकाळाचा सात दिव्यांचा कमानी दिवा ठेवला, बाकी सगळ्यांसारखा, आणि सोफ्यावर बसली. करण्यासारखं काही नव्हतं. हे इतकं विचित्र होतं की ती दोनदा उठली. तिसऱ्यांदा उठली नाही. त्या आठवड्यात ती अशी झोपली की सकाळी विग्गोने घंटा वाजवून ती जिवंत असल्याची खात्री करून घेतली.

पहिला रविवार, काही नाही. दुसरा, काही नाही. तिसऱ्या रविवारी विग्गो म्हणाला, "रागना, श्वास घे," कारण ती घेत नव्हती. नाताळाच्या आधीच्या रविवारी दोघं पुन्हा खाली गेले. रागनाने वाकून एका पानाच्या टोकाला बघितलं. टोकाला मसुराएवढा लाल ठिपका होता.

ती बटाट्यांच्या खोक्यावर बसली.

"चष्मा दे," ती म्हणाली.

"माझा चष्मा तुला कसा चालेल?"

"मग तू बघ."

विग्गोने बघितलं. सावकाश, एकेक टोक. "अकरा," तो म्हणाला. "अकरा आहेत, रागना."

तिचा जीव भांड्यात पडला. ऑगस्टपासून पहिल्यांदा तिला आपले खांदे आपल्या जागी आल्यासारखे वाटले. तिने विग्गोला नाताळच्या जेवणाला बोलावलं आणि त्याने प्लेट दुसऱ्यांदा भरायला नको म्हटलं तेव्हा तिने, स्वतःच्याच आश्चर्याने, भरली नाही.

नाताळच्या दिवशी फोनवर ओडनीने विचारलं, "फुललं?"

"फुलतंय," रागना म्हणाली. हे तिने जरा ओढूनताणूनच म्हटलं.

"हं. एकवीस तारखेचं विमान आहे माझं."

एकवीस जानेवारीला आमच्याकडे काम कुणी मन लावून करत नाही. शाळा मुलांना अंगणात सोडते, बेकरीपुढे रांगा लागतात, जॅम भरलेले तळलेले बन ट्रेच्या ट्रे संपतात, आणि दुपारी बाराच्या सुमाराला सगळे दक्षिणेच्या डोंगरांकडे तोंड करून उभे राहतात. ढग असले तरी उभे राहतात. रागनाने सकाळीच बन आणून ठेवले होते आणि मग विमानतळावरून ओडनीला घेऊन आली. ओडनीच्या हातात काठी होती, पण पाठ तशीच ताठ.

निवडुंग जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात दिव्यासकट वर आलं होतं. खिडकीत, फिरवायचं नाही म्हणून कुंडीला पेन्सिलीची खूण करून. त्या दिवशी तीन फुलं पूर्ण उमलली होती, बाकीच्या आठ कळ्या टपोऱ्या झाल्या होत्या. ओडनीने कोट न काढताच जाऊन बघितलं. अगदी आई उभी राहायची तशी.

"चाळीस," ती म्हणाली.

रागना तिच्या मागे उभी होती. ठरवलेलं सगळं भाषण ती विसरली. "खोटं बोलले मी. एकही नव्हती तेव्हा. दिवा दिवसरात्र चालू ठेवला होता मी, त्याला रात्रच होऊ दिली नाही. मग विग्गोने सांगितलं. अकराच आल्यात. आणि आल्यात त्याही एक महिना उशिरा."

"मला माहीत होतं."

"काय माहीत होतं?"

"याला सव्वीसच्या वर कळ्या कधी आल्या नाहीत. आई मोजायची, मीही मोजते. चाळीस म्हणालीस तेव्हाच कळलं."

"मग बोलली का नाहीस?"

ओडनी आता खुर्चीत बसली. काठी भिंतीला टेकवली, ती घसरली, रागनाने उचलून पुन्हा टेकवली.

"दुसऱ्या दिवशी तू फोन केलास," ओडनी म्हणाली. "तिसऱ्या दिवशी केलास. मी म्हटलं, आता बोलले तर थांबेल. सहा वर्षं तू माझ्याशी खोटंसुद्धा बोलली नव्हतीस, रागना."

बाहेर कुणीतरी ओरडलं, मग सगळं अंगण ओरडलं. दोघी खिडकीकडे वळल्या. डोंगराच्या खाचेत सोन्याचा एक तुकडा दिसला, समोरच्या इमारतीच्या वरच्या खिडक्या पेटल्यासारख्या झाल्या, आणि विग्गो आपल्या सज्जात लोकरीची टोपी हातात धरून उभा होता. चार मिनिटांत सगळं संपलं. ओडनीने डोळे पुसले. सूर्यामुळे, असं ती नंतर म्हणाली.

"एक विचारू?" रागना म्हणाली. "तू कसं फुलवायचीस? एवढी वर्षं, एकदाही न चुकता?"

ओडनीच्या कानापर्यंत लाली चढली.

"ऑक्टोबरात खिडकीत शिवणयंत्र ठेवते मी. नाताळाच्या शिवणकामाला. मग कुंडीला जागा उरत नाही, म्हणून ती मागच्या गार पडवीत जाते. बुटांपाशी. आणि मी विसरते."

"विसरतेस?"

"डिसेंबरात बूट काढायला गेले की दिसतं, कळ्या आल्यात. मग आणते आत. आईही असंच करायची. फक्त तिचं शिवणयंत्र मोठं होतं."

"आणि दफनाच्या दिवशी तू मला म्हणालीस..."

"म्हणाले," ओडनी म्हणाली. "लाज वाटते मला त्याची. तेव्हाही वाटली होती, तू दाराबाहेर पडायच्या आधीच."

रागनाला राग यायला हवा होता, आठ वर्षं तिने तो जपून ठेवला होता, आणि आता हात घातला तर तिथं काही सापडेना. तिला फक्त हलकं वाटत होतं. तेवढ्यात ओडनी वाकली, निवडुंगाची एक फांदी उचलून धरली, तिसऱ्या पानाच्या सांध्याला दोन बोटांनी पीळ दिला आणि तीन पानांचा तुकडा रागनाच्या तळहातावर ठेवला. टोकाला कळी होती.

"फुलताना तोडतात का?" रागना घाबरून म्हणाली.

"जगतं. मातीत खोचलं की जगतं. याला काही होत नाही."

रागना तळहाताकडे बघत राहिली. "एवढंच?"

"एवढंच."

"हे तेव्हाच करता आलं असतं. आई गेली त्याच दिवशी."

"तू मागितलं नाहीस."

"तू दिलं नाहीस."

"हं," ओडनी म्हणाली. मग पहिल्यांदाच त्यापुढेही बोलली. "नाही दिलं."

रागनाने अंडं ठेवायच्या कपात थोडी माती घातली आणि तुकडा त्यात खोचला. पाण्याचा जग हातात घेतला, ओडनीने तिच्याकडे बघितलं, तिने जग खाली ठेवला. कोपऱ्यात दोन्ही दिवे माना टाकून उभे होते, त्यांच्याकडेही तिने एकदा बघितलं. मग कप खिडकीत, मोठ्या कुंडीच्या शेजारी ठेवला, बनाची पिशवी उघडली, आणि बहिणीसमोर नुसती बसली.